जखम तिची, सोवळं माझं

आमच्या चार पिढ्यांत कुणी मांस खाल्लं नाही, हे मी कुणी न विचारताही सांगायचो. आई माळकरी, एकादशी न चुकवणारी, बार्शीहून पंढरीला पायी जाणारी. मी स्वतः वारीत कधी चाललो नाही, पण घराच्या शुद्धतेचा अभिमान तिच्यापेक्षा मलाच जास्त होता. त्या अभिमानापायी मी काय केलं, ते आजवर मी फक्त माझ्या बायकोला सांगितलं आहे.

दिवाळीच्या तळणात कढई कलंडली आणि आईचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. डॉक्टरांनी जखम धुतली आणि मला बाहेर बोलावलं. बराचसा भाग वरवरचा आहे, त्यावर कोलॅजन शीट लावू, म्हणजे रोज ड्रेसिंग बदलावं लागणार नाही, दुखणंही कमी होईल, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, कोलॅजन कशाचं? त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ‘जनावराच्या कातड्यापासून काढतात. बहुतेक गुरांच्या.’

मी जागच्या जागी नको म्हटलं. आई माळकरी आहे, तिला चालायचं नाही. आजींना एकदा विचारू या का, असं डॉक्टर म्हणाल्या, तर मीच उत्तर दिलं की तिला सांगून उगाच मनस्ताप कशाला. काही फार मोठं राखलं, असं समाधान घेऊन मी त्या दिवशी घरी गेलो.

मग रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. सिस्टर सलाईन ओतून ओतून गॉज भिजवायच्या, एक कडा धरून हळू उचलायच्या, तरी ते चिकटलेलंच असायचं. निघताना त्याच्यासोबत नव्याने धरलेली नाजूक कातडीही यायची, खालून रक्त पाझरायचं. आई दुसऱ्या हाताने तुळशीची माळ मुठीत धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. ओरडली नाही कधी. ती ओरडत नाही म्हणजे फार दुखत नसावं, असं मी स्वतःला सांगत असे. हे खोटं होतं आणि मला ते तेव्हाही कळत होतं. माझ्या सोवळ्याची किंमत ती रोज सकाळी मोजत होती, आणि ती मोजतेय याचा तिला पत्ताही नव्हता.

मनगटाजवळचा भाग खोल निघाला. तो आपणहून भरेना. मांडीची पातळ त्वचा काढून तिथे लावायचं ठरलं. मी कागदावर सही करायला पुढे झालो, तर डॉक्टर म्हणाल्या, ‘आजी शुद्धीवर आहेत, सगळं समजतंय त्यांना. सही त्यांची लागेल, आणि सहीआधी मी त्यांना सगळं सांगणार.’ त्या खाटेपाशी बसल्या. मांडीवर जिथून त्वचा घेऊ तिथेही जखम होते, ती हातापेक्षा जास्त हुळहुळते. तिच्यावर ही शीट लावली तर बरं पडतं. ही गुरांच्या कातड्यापासून करतात. एवढं सांगून त्या पुढे म्हणाल्या, ‘पहिल्या दिवशी हातालाही लावणार होतो, पण तुम्हाला चालणार नाही असं कळलं.’

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

‘मला कुणी इचारलं?’

मी काहीतरी बोलायला गेलो: माळ, घराणं, तुलाच वाईट वाटलं असतं. तिने हात वर करून थांबवलं आणि डॉक्टरांना विचारलं, ‘माझ्यासाठी मारत्यात का ते जनावर?’ डॉक्टर म्हणाल्या, तुमच्यासाठी म्हणून नाही, पण मेलेल्या जनावराचंच असतं. ‘कशासाठी मारलं ते मी सांगू शकत नाही, आजी. खोटं बोलणार नाही.’

आई बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं, आता नको म्हणेल आणि मी सुटेन. खरं सांगतो, तिने नको म्हणावं अशीच माझी इच्छा होती. ती म्हणाली, ‘पखवाजाच्या पुडीला कातडंच असतंय की. त्याच्यावर थाप पडल्याबिगर आमचं भजन कधी उभं राह्यलं नाही. त्या जनावराचं ऋण हाय माझ्यावर, आता आणखी एक. ते माझं मी बघीन. लावा तुम्ही.’

डाव्या हाताने तिने अंगठ्यासारखी वाकडी सही केली.

माझ्या आयुष्यात मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. मी तिची श्रद्धा राखतोय असं समजत होतो, आणि त्या श्रद्धेत किती जागा आहे याचा मला अंदाजच नव्हता. मी राखत होतो ते माझं चारचौघांतलं बोलणं. तिने जनावराचा जीव माझ्यासारखा झटकून टाकला नाही, त्याचं ओझं नाव घेऊन स्वतःवर घेतलं. मी ओझं घेतलंच नव्हतं. आमच्या घरातल्या कॅप्सूलचं जिलेटिन, माझ्या पायातली कोल्हापुरी, यांच्याबद्दल मी कधी प्रश्न विचारला नव्हता.

शीट मी पहिल्यांदा नीट पाहिली ती ऑपरेशननंतर, मांडीवर. पांढरट, पातळ, खालचं दिसेल इतकी. पाकिटात ती अल्कोहोलमध्ये भिजलेली असते, म्हणून आधी सलाईनमध्ये धुतात. जखमेवर बसली की वाळते, तपकिरी होते. पुढे खालची कातडी धरत गेली तसतशा कडा आपणहून सुटल्या आणि सिस्टर त्या कात्रीने कापत गेल्या. ओढणं नाही, रक्त नाही. आईने त्या जागेसाठी एकदाही माळ मुठीत धरली नाही.

त्यानंतर मी वाचायला बसलो. कोलॅजन हे आपल्याच अंगातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. त्वचेच्या आतल्या थराचा बहुतेक भाग त्याचाच. त्याचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात, हे 1954-55 मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडलं, आणि त्यासाठी कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध वापरला होता. आईला लावलेली शीट म्हणजे तात्पुरतं पांघरूण. खोल जखमेसाठी याच पदार्थाची सच्छिद्र जाळी करतात. बोस्टनमध्ये शल्यविशारद जॉन बर्क आणि एमआयटीचे योआनिस यानास यांनी गुरांचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक घटक मिळवून ती बनवली, वर सिलिकॉनचा पापुद्रा दिला, आणि मोठ्या प्रमाणात भाजलेल्या दहा रुग्णांवरचा अनुभव 1981 मध्ये प्रसिद्ध केला. 1996 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. वेलाला मांडव द्यावा तशी ती जाळी. रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्या छिद्रांतून चढतात, स्वतःचं कोलॅजन विणतात आणि जुनं विरघळवून टाकतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत आतला थर धरला की सिलिकॉन काढून वर रुग्णाचीच अगदी पातळ त्वचा लावतात. घामाच्या ग्रंथी आणि केस मात्र परत येत नाहीत. यानास यांना खरं तर जखम लवकर मिटवायची होती. त्यांच्या जाळीने जखमेचं आक्रसणं उलट लांबवलं, आणि त्यामुळेच तिथे व्रणाऐवजी त्वचेसारखं काही उगवलं. ‘जनावराचं परकं काहीतरी आईच्या अंगात राहील’ ही माझी धास्ती या एका वाक्यापुढे टिकत नाही: ते राहतच नाही.

पण मी विचारलेला पहिला प्रश्न चुकीचा होता, असं मला आजही वाटत नाही. शीट कशाची, हे विचारायलाच हवं, आणि बिनजनावरी पर्यायही आहेत. समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेट त्वचा काढलेल्या जागेवर वापरतात. मुंबईत वाडिया रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी ऐंशीच्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं. शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं वापरली, कारण दोन्ही जखमेला चिकटत नाहीत. मी नको म्हटल्यावर निदान ‘मग दुसरं काय?’ एवढं तरी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला उपाय नको होता, नकार हवा होता.

आई त्याबद्दल मला कधी टोचून बोलली नाही. मनगट आता वळतं, टाळ धरता येतो.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: हे कशापासून केलंय, लावलं नाही तर काय होईल, दुसरं काही आहे का. फक्त बाहेरच्या व्हरांड्यात नका विचारू. खाटेपाशी उभं राहून विचारा, ज्याचं अंग भाजलंय त्याला ऐकू जाईल असं, आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.