घड्याळाची किल्ली

पावसाळा सरत आला होता. एका शनिवारी कन्येस घारापुरीची लेणी दाखवावीत, असा बेत मी ठरविला आणि सकाळीच आम्ही दोघे गेट वे ऑफ इंडियापाशी जाऊन पोहोचलो. परंतु रात्रीपासून समुद्र खवळलेला असल्यामुळे लाँची बंद होत्या. मुलीचे तोंड उतरले. तेव्हा मी म्हणालो, "ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा असे नाव दिले, तो हत्ती भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेविला आहे. लेणी नाहीत, तर तो तरी पाहू." आम्ही बसमध्ये बसलो, पण जे. जे. रुग्णालयाच्या अलीकडेच पावसाने व गर्दीने वाट अडविली. निरुपायाने खाली उतरून आम्ही आडोशासाठी जवळच्या मटण स्ट्रीटमध्ये शिरलो. हाच मुंबईचा प्रसिद्ध चोर बाजार.

येथे जुन्या वस्तूंची दुकाने एकास एक लागून आहेत. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरील पितळी दिवे, बिलोरी झुंबरे, जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके असा नाना घरांतून निघालेला संसार तेथे मांडलेला होता. मुलगी घारापुरी विसरली आणि प्रत्येक वस्तूचा इतिहास विचारू लागली. मलाही मौज वाटू लागली होती. इतक्यात एका दुकानात ती एकदम थांबली व म्हणाली, "बाबा, हे पाहा आजीचे घड्याळ!"

भिंतीवर ॲन्सोनियाचे एक लंबकाचे घड्याळ टिकटिकत होते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे ही घड्याळे होत असत. 1929 साली त्या कारखान्याची यंत्रसामग्री रशियाने विकत घेतली. माझे आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत शिक्षक होते. स्वदेशी परत जाणाऱ्या एका मिशनरी साहेबांनी त्यांस असेच घड्याळ दिले होते. तबकडीवर दोन छिद्रे असत. एकात किल्ली फिरविली की काटे चालत, दुसऱ्यात फिरविली की ठोके पडत. दर रविवारी उपासनेस निघण्यापूर्वी आजोबा, आणि त्यांच्यामागे वडील, त्यास किल्ली देत.

वडील वारल्यावर मुंबईच्या लहानशा घरात ते बंद पडलेले घड्याळ मला अडचण वाटू लागले. आई गावी गेली असता मी ते दोनशे रुपयांस भंगारवाल्यास दिले, आणि ती परतल्यावर "दुरुस्तीस दिले आहे" असे सांगितले. पुढे, "सुटे भाग मिळत नाहीत," असे सांगत राहिलो. या गोष्टीस सोळा वर्षे झाली. मुलीनेही तेच ऐकले होते. ती म्हणाली, "दुरुस्त झालेले दिसते. नेऊ या ना! आजीला किती आनंद होईल!"

खरे सांगतो, क्षणभर माझ्याही मनात तसेच आले. मी किंमत विचारली. वृद्ध दुकानदाराने प्रथम मुलीकडे पाहिले व मग तो मला म्हणाला, "साहेब, यंत्र जुने आहे, पण लाकडी पेटी नवी करविली आहे. लेकरासमोर खोटे कशाला बोलू?"

चोर म्हणून ज्या बाजाराचे नाव पडले, त्या बाजारात हा मनुष्य आपले गिऱ्हाईक घालवून खरे बोलत होता; आणि मी, मुलांस सत्याचे धडे देणारा शिक्षक, तेथे मान खाली घालून उभा होतो. घड्याळ न घेताच आम्ही परतलो. वाटेत मी मुलीस सर्व हकीकत सांगितली. ती काही बोलली नाही. माझा हात मात्र तिने सोडला नाही.

रात्री प्रार्थना झाल्यावर मी आईसही सांगितले. ती बराच वेळ स्तब्ध बसली. मग उठून तिने आपली पेटी उघडली आणि तळाशी रुमालात बांधून ठेविलेली एक पितळी किल्ली काढून माझ्या हातावर ठेविली. "घड्याळ आले म्हणजे शोधाशोध नको, म्हणून जपली होती," एवढेच ती म्हणाली.

विद्यार्थिमित्रांनो, ती किल्ली आता शाळेत माझ्या मेजाच्या खणात असते. "सर, वही घरी राहिली," असे तुमच्यापैकी कोणी सांगू लागला म्हणजे मी त्यास रागे भरण्यापूर्वी तो खण एकवार उघडून पाहतो.