जीपवाल्यांचा हंगाम

नांदगावच्या स्टँडबाहेर काळी-पिवळी जीप भरायची, तेव्हा तिच्यात किती माणसं मावतील याला काही नियम नसे. ड्रायव्हरच्याही उजवीकडे एक जण अर्धं अंग बाहेर काढून बसलेला, मागे फळीवर गुडघ्याला गुडघे भिडलेले, टपावर कांद्याच्या गोण्या आणि कुणाची तरी सायकल. न्यायडोंगरीच्या नाहीतर साकोऱ्याच्या हाका देऊन देऊन घसा बसलेला पोऱ्या धावत येऊन मागे लटकला की गाडी हलायची. तापलेल्या रेक्झिनचा आणि डिझेलचा तो संमिश्र दर्प आजही कुठे अवचित आला की उन्हाळ्याची सुट्टी लागल्यासारखं वाटतं. मागच्या फाळक्यावर महिंद्रा हे नाव असायचं. पावसाळ्यात त्यावर चिखल बसे, कुणीतरी बोटाने पुसे, आणि अक्षरं पुन्हा वर येत.

हेच नाव 2005-06 च्या हंगामात भारतातल्या फुटबॉलच्या शिखरावर होतं, याची आमच्याकडे कुणाला गंधवार्ता नव्हती. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ईस्ट बंगाल दुसरा आला, मोहन बागान तिसरा. 1996 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा अकरा हंगाम चालली, आणि त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला विजेतेपद आलं ते हे एकदाच. त्याआधी 2005चा फेडरेशन कपही याच संघाने नेला होता. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. घानाचा युसुफ याकुबू होता, मुंबईचा स्टीव्हन डायस होता, आणि होता ब्राझीलचा होझे रामिरेझ बरेटो, ज्याला मोहन बागानच्या चाहत्यांनी इतका जीव लावला होता की ते त्याला लाडाने ‘सबूज तोता’, हिरवा पोपट म्हणत. हा पोपट तेवढ्या एका हंगामापुरता मुंबईच्या फांदीवर येऊन बसला आणि पुन्हा कोलकात्याला उडून गेला. वर्तमानपत्रं या संघाला जीपवाले म्हणत. आमच्या स्टँडवर जीपवाले म्हणजे वेगळीच माणसं.

आमच्या गावाचं आणि दूरच्या गोष्टींचं नातं तसं जुनंच आहे, पण ते बहुधा जवळून जाणाऱ्या गोष्टींशी असलेलं नातं आहे. मनमाडहून औरंगाबादकडे रूळ पडले नव्हते, त्या काळात वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगावला उतरत आणि इथून पुढे टांग्याने जात. मग तो मार्ग झाला आणि तेही उतरायचे थांबले. मुंबई-हावडा मार्ग मात्र गावाला लगटूनच जातो. मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा, 1891 पासूनची ती स्पर्धा. 1940 मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकली तेव्हापासून कोलकात्याचे संघ पुन्हापुन्हा येत राहिले. ते याच रुळांवरून आले असणार. मध्यरात्री एखादी मेल फलाटाला थरथरवत निघून जाते, पिवळ्या उजेडाच्या खिडक्यांची एक रेघ डोळ्यांसमोरून ओढली जाते, आणि त्या खिडक्यांतल्या एखादीत बूट उशाला घेऊन झोपलेला कुणी लेफ्ट आउट असेल, हे फलाटावर चहा पिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. गीतांजली एक्स्प्रेस तर आमच्याकडे थांबतही नाही.

फुटबॉल आम्हाला ठाऊकच नव्हता असं मात्र नाही. महिंद्राने लीग जिंकली तो उन्हाळा भारनियमनाचा होता. वीज कधी येईल याच्या बेतानेच दळण आणि पाणी दोन्ही ठरत. पण 9 जुलैच्या रात्री बर्लिनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने मातेरात्सीच्या छातीवर डोकं आपटलं, ते दुसऱ्या दिवशी चावडीपासून सलूनपर्यंत प्रत्येकाने पाहिलेलं होतं, निदान करून दाखवता येत होतं. सलूनमधल्या पोराने गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर साबण तसाच ठेवून वस्तरा हातात धरूनच ते करून दाखवलं. बर्लिन जवळ आणि कूपरेज दूर, असं काहीसं ते होतं. सातपूरला कंपनीत लागलेला आमचा आतेभाऊ दिवाळीला आला, तेव्हा मी त्याला विचारलं, “दादा, तुमच्या कंपनीची टीम देशात पहिली आली म्हणे.” तो स्कॉर्पिओच्या लाइनवरच्या ओव्हरटाइमबद्दल बोलत होता. क्षणभर थांबला. “असेल,” म्हणाला, “मुंबईला.”

त्याला तरी काय बोल लावावा. मुंबईचा फुटबॉल कितीतरी वर्षं असाच नोकरीच्या आधाराने वाढला: मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँका, रेल्वे. खेळाडूला पगार मिळे, घर चाले, ही लहान गोष्ट नव्हे. निव्वळ टाळ्यांवर कुणाचं पोट भरत नाही, आणि शौकिनांनी हे विसरू नये. पण कंपनीचा संघ कंपनीचाच राहतो. मोहन बागान हरला तर कोलकात्यात घराघरांतली जेवणं बेचव होतात. मुंबईतला संघ जिंकला तरी अंधेरी लोकल आपल्या वेळेवर सुटते. मालक दुष्ट नसतो, फक्त त्याच्या वहीत खेळाचा रकाना असतो, आणि तो एका वर्षी कोरा सोडता येतो. 1962 मध्ये उभा राहिलेला महिंद्राचा संघ 2010 मध्ये मोडला. राष्ट्रीय लीगचा पहिलावहिला विजेता जेसीटी, फगवाड्याच्या कापडगिरणीचा, तोही 2011 मध्ये मिटला. मोर्चा निघाल्याचं कुठे वाचलं नाही. गोव्यातले धेंपो आणि साळगांवकर तर खाणमालकांचेच संघ, पण त्यांच्यामागे पुन्हा गावं होती, फेस्तं होती, रविवारची मैदानं होती. तरी 2016 मध्ये त्यांनीही आय-लीगमधून पाय काढून घेतला. तेव्हा माझ्या या विचारालाही फार टेकू देऊ नये.

आता काळ्या-पिवळ्या फारशा दिसत नाहीत. मुंबईला पुन्हा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं ते 2021 मध्ये, मुंबई सिटीने आयएसएल जिंकली तेव्हा. त्याचा बराच गाजावाजा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्याआधीच्या त्या हंगामाविषयी मराठीत मला काही ओळींपलीकडे वाचायला मिळालेलं नाही. कुणी वाचकांपैकी त्या वर्षी कूपरेजच्या पायऱ्यांवर बसलं असेल, बरेटोला पास देताना आणि याकुबूला गोल करताना पाहिलं असेल, तर त्यांनी ते लिहून काढावं. आम्ही जीपमध्ये बसलेली माणसं वाचू.