कळ

जे यंत्र कायमचे बंद पडते, त्याच्याविषयी माझी फारशी तक्रार नसते. चार दिवस हळहळ वाटते, आणि मग त्याची काय ती व्यवस्था लावता येते. जे उत्तम चालते, त्याच्याविषयी तर बोलण्याचेच कारण नाही. मनुष्याचा अंत पाहते ते तिसऱ्या प्रकारचे यंत्र. ते सोमवारी चालते, मंगळवारी चालते, बुधवारी ऐन निघण्याच्या वेळी हूं की चूं करीत नाही. आणि आपण शेजाऱ्याला मोठ्या अजिजीने बोलावून आणावे, तो त्याच्यादेखत इतक्या आज्ञाधारकपणे सुरू होते, की शेजारी यंत्राकडे न पाहता आपल्याकडेच करुणेने पाहत परत जातो. वैद्याच्या दारात पाऊल ठेवताच ज्याचा ताप उतरतो त्या रोग्याचे आणि या यंत्राच्या मालकाचे दुःख एकच. दोघांनाही आधी आपण खोटे बोलत नाही हे सिद्ध करावे लागते. औषधोपचाराची गोष्ट पुढची.

आमची मोटार गेल्या पावसाळ्यात या तिसऱ्या वर्गात दाखल झाली. तिला किल्ली फिरवावी लागत नाही. किल्ली म्हणून जी काय एक काळी डबी आहे, ती खिशात किंवा पर्समध्ये असली म्हणजे पुरे. आत बसावे, ब्रेकवर पाय ठेवावा आणि समोरची वाटोळी कळ दाबावी, की इंजीन सुरू. मोटार घरी आली तेव्हा या कळीचे आम्हांला केवढे कौतुक! आमच्याकडे मोटार चालवते ती मुख्यतः माझी पत्नी. आणि तिचे म्हणणे असे, की अंधारात किल्लीचे भोक चाचपडत बसण्यातून सुटका झाली एवढ्यासाठी तरी ही कळ शोधून काढणाऱ्याचे उपकार मानले पाहिजेत.

वस्तुतः कळ ही काही नवी वस्तू नव्हे. आरंभीच्या मोटारींना पुढून लोखंडी दांडा घालून इंजीन हाताने फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटी उसळी मारली की दांडा धरणाऱ्याचे मनगट मोडे. १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने विजेच्या छोट्या मोटरने इंजीन फिरवण्याची युक्ती सिद्ध केली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसली. पुढे कित्येक वर्षे अनेक गाड्यांत बोटाने किंवा पायाने दाबण्याची कळच असे. मग ती किल्लीच्या कुलपात विलीन झाली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या वेषात परत आली. जुन्या कळीत आणि या नव्या कळीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जुनी कळ दाबली की विजेची वाट जुळे आणि वीज धावे. ती हुकूम होती. नवी कळ हा अर्ज आहे.

हा अर्ज कोणकोणत्या टेबलांवरून फिरतो ते मला या प्रकरणातच समजले. कळ दाबताच मोटारीतला संगणक प्रथम विचारतो, किल्ली आत आहे काय? गाडीतल्या अँटेना अगदी खालच्या कंपनसंख्येवर हाक मारतात, आणि ती हाक ऐकून डबी आपला सांकेतिक जबाब रेडिओलहरींनी धाडते. तो पटला तर दुसरा प्रश्न: गिअरचा दांडा उभ्या गाडीच्या किंवा मोकळ्या स्थितीत आहे ना? तिसरा: ब्रेक दाबलेला आहे ना? ही सगळी उत्तरे होकारार्थी आली, सुकाणूचे कुलूप सुटले, की मग एक रिले खटकन् जुळतो आणि स्टार्टरकडे वीज सोडली जाते. एका टेबलावरचा कारकून जागेवर नसला तर अर्ज तेथेच पडून राहतो. तो कोठे पडून आहे, हे अर्जदाराला कोणी सांगत नाही.

आमच्या अर्जाचे असे होई: कळ दाबली की समोरचे सगळे दिवे लखलखत, रेडिओ गाऊ लागे, थंड हवेचा पंखा फिरू लागे, नाट्यगृह उजळून निघे, पण पडदा म्हणून वर जात नसे. पुन्हा दाबावे तर दिवे विझत. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि मग एकदम काही झालेच नाही अशा साळसूदपणे इंजीन सुरू. हा प्रकार कधी आठवड्यातून दोनदा, तर कधी दहा दिवसांत एकदाही नाही.

अशा वेळी सल्लागारांची वाण पडत नाही. एकजण म्हणाले, पावसाची दमट हवा. दुसरे म्हणाले, डबी मोबाईलला खेटून ठेवता, म्हणून. (हे मात्र सर्वस्वी खोटे नाही, डबी आणि फोन गळ्यात गळा घालून असले तर त्यांच्या लहरी एकमेकींच्या आड येऊ शकतात.) तिसऱ्यांनी मोटारीच्या तोंडावर लटकवलेले लिंबू किती दिवसांत बदलले नाही याची चौकशी केली. आमच्याकडे लिंबू मुळात नव्हतेच, हे ऐकताच त्यांच्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले.

माझ्या पत्नीने बत्तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते लिहून ठेवावे, या पलीकडे तिचा कोणत्याही शास्त्रावर विश्वास नाही. तिने प्रथम डबीतली बॅटरी बदलली. ही चपटी टिकली सीआर २०३२ या नावाने मिळते. वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, असा त्या आकड्याचा सरळ अर्थ आहे, हे तिने मला अगदी वर्गात सांगावे तसे सांगितले. टिकली बदलूनही मोटार रुसलीच. मग तिने डबीच कळीला टेकवून पाहिली. टिकली संपली असली तरी डबीच्या पोटात एक चिमुकली चकती असते, ती मोटारीच्याच वेटोळ्याकडून पुरती शक्ती उचलून आपली ओळख पटवते. तरीही दिवे लागले, इंजीन नाही. डबी निर्दोष ठरली.

मग पाळी आली मोठ्या बॅटरीची. भरलेली बॅटरी मोटार विसावलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; आमची १२.५ दाखवीत होती. शिवाय बॅटरी मेलेली असली तर कळ दाबताच दिवे मलूल होतात आणि कट्-कट्-कट् असा दीनवाणा आवाज येतो. आमच्याकडे दिवे मंद होत नव्हते आणि आवाजही नव्हता. पत्नीने वहीत लिहिले: "स्टार्टरला आज्ञाच पोहोचत नाही." गिअरचा दांडा मोकळ्या स्थितीत आणून पाहिला, फरक नाही. राहता राहिला ब्रेक. पण ब्रेक तर ती दरवेळी दाबतच होती.

मोटार दोनदा कारखान्यात नेली. कारखाना मोठा होता, थंड हवेचा होता, तेथे कॉफीही मिळाली. त्यांनी मोटारीला आपले तपासणीचे यंत्र जोडले आणि दोन्ही वेळा "कोणताही दोष आढळला नाही" असा छापील कागद हाती दिला. दुसऱ्या खेपेस तेथील तरुण अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने विचारले, "मॅडम, स्टार्ट करताना ब्रेक पूर्ण दाबत होता ना?"

त्या प्रश्नात अपमान करण्याचा हेतू नव्हता हे मी शपथेवर सांगेन. परंतु पस्तीस वर्षे मोटार हाकणाऱ्या, कोकणातले सगळे घाट पालथे घातलेल्या स्त्रीला तो प्रश्न कसा लागला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. शेजारी मी उभा असूनही तो प्रश्न मला विचारला गेला नव्हता, हेही तिच्या नजरेतून सुटले नाही. ती एवढेच म्हणाली, "हो. दाबत होते." परतीच्या वाटेवर तिने एक शब्दही काढला नाही. आणि मोटारही तेवढ्यापुरती पहिल्याच दाबात सुरू झाली, हे वेगळे सांगायला नको.

पुढे उलगडा झाला तो आमच्या इमारतीच्या वृद्ध पहारेकऱ्यामुळे. पत्नी मोटार मागे घेते तेव्हा तो पाठीमागे उभा राहून हाताने खुणा करतो. त्याची तशी गरज नसते. पण त्याला ते आवडते आणि तिलाही. एका संध्याकाळी मोटार अशीच अडून बसली असता तो खिडकीपाशी येऊन म्हणाला, "बाई, रोज गाडी चालू व्हायच्या आधी मागं लाल दिवं लागत्यात. आज लागलंच न्हाईत."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मग ती मला म्हणाली, "तुम्ही मागे जाऊन उभे राहा. मी ब्रेक दाबते, तुम्ही मोजा." चाळीस वेळा तिने ब्रेक दाबला. तेहतीस वेळा दिवे लागले. सात वेळा लागले नाहीत. आणि दिवे न लागता कळ दाबली की मोटार सुरू होत नसे; दिवे लागले की होई. कळीच्या मधोमध एक बारीक दिवा आहे; ब्रेक दाबताच तो नारिंगीचा हिरवा होतो. त्या सातही वेळा तो नारिंगीच राहिला होता. वहीत मागची पाने चाळली तर "दिवा नारिंगी" ही नोंद जवळजवळ प्रत्येक नकारापुढे होती. आम्ही तिला नकाराचा परिणाम समजत होतो, ती नकाराचे कारण सांगत होती.

ब्रेकच्या पट्टीच्या वर, अंधारात, अंगठ्याएवढा एक खटका असतो. पट्टी खाली गेली की तो जुळतो आणि मागचे लाल दिवे लावतो. तोच खटका संगणकालाही "ब्रेक दाबला" अशी साक्ष देतो. गिअरचा दांडा कुलुपातून सोडायचा की नाही, हेही त्याच्याच शब्दावर ठरते. वर्षांनुवर्षे हजारो वेळा जुळून-तुटून त्याच्या आतले धातूचे ओठ झिजतात, काजळतात. मग कधी ते भेटतात, कधी भेटल्यासारखे करतात. मोटारीला यात दोष कसा दिसावा? तिच्या लेखी सगळे ठीक होते. कोणीतरी ब्रेक न दाबता कळ दाबीत होते, एवढेच. ही काही बिघाडाची गोष्ट नव्हे. म्हणून तपासणीच्या यंत्रालाही काही सापडले नाही. त्या तरुण अधिकाऱ्याने जो प्रश्न विचारला, तोच मोटार दोन महिने विचारीत होती. आणि दोघांनाही उत्तर देणारी बाई खरे बोलत होती, मधला साक्षीदार फितूर होता.

आम्ही मोटार गल्लीतल्या एका जुन्या विजेच्या मिस्त्रीकडे नेली. तो पाठीवर निजून पट्टीखाली शिरला, आणि दहा मिनिटांत खटका काढून त्याने पत्नीच्या हातावर ठेवला. नव्या खटक्याची किंमत आम्ही त्या कारखान्यात तपासणीपायी जे मोजले त्याच्या पासंगालाही नव्हती. काही मोटारींत असा प्रसंग आला तर कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्याने ब्रेकच्या साक्षीवाचूनही इंजीन सुरू होते, ही सोय मिस्त्रीनेच सांगितली. पण सांगताना तो हसला नाही. "ताई, तसं करून घरी नका जाऊ," तो म्हणाला. "चालू तर होईल. पण मागच्याला कसं कळणार तुम्ही थांबताय ते?"

आम्ही दोघेही गप्प झालो. मराठीत कळ शब्दाला अर्थ पुष्कळ आहेत. कळ दाबतात, कळ काढतात, कळ सोसतात. त्या क्षणी मात्र पोटात आली ती निराळीच. आम्ही दोन महिने ज्याला सुरू होण्याचा दोष म्हणत होतो, तो थांबण्याचा होता. मोटार अडून बसे ते अंगणात, जेथे कोणाचेच काही बिघडत नव्हते. जेव्हा ती मुकाट्याने सुरू होई, आणि आम्ही सुटलो म्हणून निघत असू, तेव्हा पुढच्या प्रत्येक ब्रेकला तोच खटका कधी जुळत असेल, कधी नसेल. त्या दोन महिन्यांत पत्नीच्या वडिलांच्या आजारपणामुळे आमच्या साताऱ्याला चार खेपा झाल्या होत्या. दोनदा रात्री, भर पावसात, मागे मालमोटारी असताना आम्ही खंबाटकीचा घाट उतरलो होतो.

घरी आल्यावर तिने तो जुना खटका जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या मीटरच्या तारा त्याला लावून अंगठ्याने दाबत राहिली. बोटाला दरवेळी सारखाच खट् असा आवाज लागे. मीटर मात्र मधूनच मुका राही. मग तिने फोन उचलून साताऱ्याला भावाला लावला. वडिलांची चौकशी झाली, पावसाची झाली. मग तिने विचारले, "गेल्या खेपेला घाटात तू आमच्या मागोमाग गाडी घेऊन येत होतास ना? आमचे मागचे दिवे लागत होते का रे?"

त्याला काही केल्या आठवेना.