'नाही' म्हणा ना, प्लीज!

ऑफिसात सगळ्यात जास्त वैताग कुणाचा येतो? तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्याचा? छे! 'हो हो, बघतो' म्हणून गायब होणाऱ्याचा. वेबसाइट्सचंही अगदी तसंच आहे, बॉस!

माझा एक मित्र हिंजवडीत आयटीत आहे. त्याचं गाव शिरूर तालुक्यातलं केंदूर, संत कान्हो पाठकांचं. त्याच्या वडिलांना कुणीतरी ठिबकच्या अनुदानाच्या अर्जाची लिंक पाठवली. लिंक दाबली की उघडायचं साइटचं होमपेज. हसरे फोटो, सुस्वागतम् वगैरे. अर्जाचा पत्ता नाही. काका चार दिवस लिंक दाबत राहिले आणि शेवटी पोराला फोनवर म्हणाले, 'मलाच जमंना बघ.' खरं तर ते पान केव्हाच काढून टाकलं होतं. तसं सांगायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. चूक साइटची आणि अडाणी ठरले काका!

यामागचा फंडा सोपा आहे. आपण पत्ता टाइप केला की सर्व्हर पानाच्या आधी एक तीन आकडी कोड पाठवतो. २०० म्हणजे सापडलं. ३०१ म्हणजे कायमचं दुसरीकडे हलवलं. ४०४ म्हणजे असं पान इथे नाही. हा कोड सहसा आपल्याला दिसत नाही, पण ब्राउझर आणि सर्च इंजिन आधी तोच वाचतात. नसलेल्या पत्त्यावरही होमपेज दाखवून २०० पाठवलं, की झाला घोळ! पानावर मोठ्ठं 'सॉरी' लिहून आतून २०० पाठवणं, हाही त्यातलाच प्रकार. गूगल याला 'सॉफ्ट ४०४' म्हणतं.

आपल्या पोस्टाला ही अक्कल पूर्वीपासून आहे. एकाच नावाची गावं ढिगाने, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. एवढं करूनही पत्ता चुकलाच, तर पत्र भलत्याच घरात टाकून 'पोचलं' म्हणायचं नसतं. शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे परत करायचं. तो शेरा म्हणजे पोस्टाचं ४०४!

पानं गायब होणारच. प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये सांगितलं, की २०१३मध्ये असलेल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याला इलाज नाही. पण डेटाबेसमध्ये नोंद सापडली नाही तर सरळ ४०४ पाठवणं, त्याच पानावर सर्चची चौकट आणि एक चालू फोन नंबर देणं, आणि पान हलवलं असेल तर ३०१ने नेमक्या नव्या पानावर नेणं, एवढं तर जमतं ना?

आज एक करा. तुमच्या कंपनीच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून काहीबाही टाइप करा आणि एंटर दाबा. होमपेज हसत हसत स्वागताला आलं, तर लंच ब्रेकमध्ये डेव्हलपरला चहा पाजा. विषय तुम्हाला माहीत आहेच!