बार वाजून जातो, राडा मागं राहतो



परवा आमच्या शिवारातले चौघं घरी आले होते. यंदाच्या रब्बी मक्याचा विषय निघाला आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "कार्बाईडचा डबा कधी आणायचा?" मागच्या रब्बीत आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून एकदम डबा आणला होता. रानडुकरांसाठी पाइपच्या बंदुकीनं रात्री बार काढायचे, दिवसा पोपट आणि माकडं हाकलायची. बंदूक म्हणजे काही परवान्याची नाही. कार्बाईडवर पाणी पडलं की गॅस होतो, तो पेटतो आणि मोठा आवाज होतो, एवढंच. आपल्या जुन्नर-आंबेगावात ही गोष्ट कुणाला नवी नाही. ऊसतोडीला माणसं आत शिरायच्या आधी बिबट्यासाठी फटाके वाजवतात, तसंच हे. आवाजावर आपला भरवसा फार.

पण आज आवाजाबद्दल लिहायचं नाही. बार झाल्यावर पाइपात, डब्यात, बादलीत आणि हाताला जो करडा-पांढरा राडा राहतो, त्याबद्दल लिहायचंय. मागच्या वर्षी मी तो चुना समजलो. त्याची किंमत घरच्यांनी मोजली, म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी हिशोब सांगतो. कार्बाईड आणि पाणी एकत्र आलं की ऍसिटिलीन वायू आणि विझवलेला चुना तयार होतो. शुद्ध कार्बाईड ६४ भाग घेतलं तर वायू निघतो २६ भाग आणि चुना राहतो ७४ भाग. म्हणजे टाकलं त्यापेक्षा मागं राहतं ते वजनाला जास्त, कारण त्यात पाणी बांधलं जातं. वर ओलाव्याचं वजन वेगळं. हंगामात दहा किलो कार्बाईड उडवलं तर बारा-पंधरा किलो चिखल आपल्याच रानात कुठंतरी ओतलेला असतो. कुठं ओतला, हे मात्र आपण कधी बघत नाही.

पहिला फटका हाताला बसला. डबा माझ्याकडं, त्यामुळं पाच जणांच्या पुड्या बांधायचं काम माझं. डब्याच्या तळाला भुकटी असते. ती बोटांवर बसते, घामानं ओली होते, तिथंच थोडी तापते आणि चुना होतो. आठ दिवसांत बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. हात धुताना बुळबुळीत लागायचे. मला वाटायचं साबण राहिलाय. साबण नव्हे, कातडीवरच्या तेलाचाच चुन्यानं साबण केलेला असतो. भेगांवर लिंबू चोळून बघितलं, तर डोळ्यांतून पाणी आलं.

एक दिवस जेवताना घरच्या म्हणाल्या, "अहो, भाकरीला लसणाचा वास कसा काय येतोय? मी तर लसूण घातलाच नाही." वास माझ्या हाताचा होता. शुद्ध ऍसिटिलीनला असा वास जवळजवळ नसतो. बाजारातल्या कार्बाईडमध्ये फॉस्फरसची, थोडी आर्सेनिकची भेसळ असते, पाणी लागलं की त्यातून फॉस्फीन निघतो. धान्याच्या कोठीत ठेवायच्या विषारी गोळ्यांतून निघतो तोच फॉस्फीन, प्रमाण थोडं असलं तरी. आंबा-केळी कार्बाईडनं पिकवायला अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे, त्यामागं ही भेसळ हे एक मोठं कारण आहे. फळाला लावलेलं खायचं नाही म्हणून आपण बोंब मारतो आणि त्याच हातानं भाकरी मोडतो.

दुसरा फटका मातीला. मी म्हटलं, चुनाच आहे, फुकटचा चुना, जाईल झाडाला. विहिरीजवळच्या लिंबोणीच्या आळ्यात महिनाभर तो राडा ओतत राहिलो. पुढं नवीन पालवी आली ती पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्यातल्या कुणीही बघून सांगेल, लोहाची कमतरता. आळ्यातली आणि बाजूच्या वावरातली माती वेगवेगळी तपासायला दिली. वावराचा सामू ८.२ आला, आळ्याचा ८.९.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे. चुना मातीला चांगला हे अर्धंच खरं. आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला किंवा नाणेघाटाकडं पाऊस धो-धो पडतो, तिथली तांबडी माती आम्लधर्मी, तिथं भातखाचराला चुना मानवतो. तोही स्वच्छ, शेतीसाठीचा. आपण घोड-कुकडीच्या खालच्या अंगाला, काळ्या चुनखडीच्या रानात. इथं मातीत चुना आधीच जास्त. त्यात आणखी घातला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळाला मिळत नाही. मग आपण दुकानातून चिलेटेड लोह आणून फवारतो. मीही तेच केलं. वर गंधक आणि शेणखत दिलं. झाड सावरतंय, पण फुकटचा चुना मला चांगलाच महाग पडला.

मेहुणे नारायणगावकडचे, त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "दाजी, टाकता कशाला? छाटणीनंतरच्या बोर्डोला वापरू की." मलाही क्षणभर पटलं होतं. पण नको. एक टक्का बोर्डोला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो, हे प्रमाण चांगल्या चुन्याचं. या राड्यात चुना किती आणि कचरा किती, कोण मोजणार? त्यात गंधकाची संयुगं असतात, ती तांब्याशी बांधली जातात. शिवाय न विझलेला खडा राहिला असेल तर त्यातून ऍसिटिलीन निघतो, आणि ऍसिटिलीन आणि तांब्याची संगत वाईट. म्हणूनच या गॅसच्या लायनीला तांब्याची नळी लावत नाहीत. मेहुण्यांनी ऐकलं, बोर्डोला कळीचाच चुना विझवून घेतला.

तिसरा फटका सांगायला जड जातं.

राड्याची बादली मी दोन दिवस नळाजवळ तशीच ठेवली होती. वरचा थर वाळून पांढरी खपली धरली होती. मला वाटलं, विझलं. सकाळी घरच्यांना बादली हवी होती. त्यांनी ती नळाखाली धरली आणि कडेची खपली काठीनं फोडली. खाली खडे जिवंत होते. वर चुन्याचा थर बसला की आतल्या खड्यापर्यंत पाणी पोचत नाही, तो तसाच दबा धरून राहतो. पाणी आत गेलं, फसफसून आलं आणि शिंतोडा थेट उजव्या डोळ्यात.

त्यांची हाक ऐकून मी गोठ्यातून पळत आलो. शेजारच्या काकू म्हणत होत्या, तूप घाला. कुणी म्हणालं, गुलाबपाणी. सुदैवानं थोरल्या भावानं पूर्वी बांधकामावर चुन्याचं काम केलेलं. तो ओरडला, "काही घालू नकोस, पाणी, नुसतं पाणी!" बारीक पाइप लावला, धार मंद केली, दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या. त्या ओरडत होत्या, सोडा म्हणत होत्या. मी सोडलं नाही. घड्याळ लावून अर्धा तास. मग ओला रुमाल धरून गाडीनं मंचरला.

डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली तर आत एक बारीक कण अजून चिकटलेला होता. तो काढला, पुन्हा धुतलं. म्हणाले, "पाणी मारलं म्हणून डोळा वाचला. रस्त्यात वेळ घालवला असता तर सांगता आलं नसतं." आम्ल सांडलं तर वरचा थर करपतो आणि बऱ्याचदा तिथंच अडतं. चुना तसा अडत नाही, चरबीचा साबण करत आत आत जातो. चुन्याच्या निवळीचा सामू १२.४ च्या आसपास, आपल्या अश्रूंचा साडेसातच्या आत. महिनाभर औषध चाललं. आज दिसतं व्यवस्थित, पण उन्हात त्या डोळ्याला पाणी येतं. मी विचारलं की म्हणतात, "काही नाही, जाऊ दे." मला जाऊ देता येत नाही, कारण बादली मी ठेवली होती.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर भागात हीच कार्बाईडची बंदूक खेळणं म्हणून विकली गेली. शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात मुलंच जास्त, काहींची नजर गेली. बार उडाला नाही म्हणून पाइपात डोकावलं आणि तेवढ्यात उडाला, असे कितीतरी प्रकार. त्या बातम्या आमच्या घरात कुणी मोठ्यानं वाचल्या नाहीत.

ज्यांच्याकडं आज कार्बाईड आहेच, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून शिकलेलं लिहितो:

१. डबा कोरडा, झाकण घट्ट, घरापासून आणि चुलीपासून लांब, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. आत ओल गेलेला डबा बंद ठेवू नका, गॅस साठतो. हवेत अडीच टक्के ऍसिटिलीन झाला तरी ठिणगीला पेटतो.

२. हाताळताना कोरडे रबरी हातमोजे घाला. सुती मोजे घाम धरतात. डोळ्याला ग्राइंडरवाले वापरतात तसला कडेनं बंद चष्मा हवा. राडा साफ करतानाही तोच चष्मा, मी तिथंच चुकलो.

३. हाताला भुकटी लागली तर आधी कोरड्या फडक्यानं झटका, मग भरपूर पाण्यानं धुवा. थोडं पाणी लावून चोळत बसू नका. नंतर खोबरेल तेल लावा. धुतल्याशिवाय भाकरीला, तंबाखूला हात नाही.

४. राडा बादलीत साठवू नका. उघड्यावर, वाऱ्याला, विस्तवापासून लांब, भरपूर पाण्यात थोडा थोडा टाका. पाण्यात राडा टाकायचा, राड्यावर पाणी ओतायचं नाही. लांब काठीनं हलवा. बुडबुडे पूर्ण थांबले तरी दोन-तीन दिवस तसाच ठेवा, पुन्हा हलवून बघा. जवळ बिडी पेटवू नका.

५. विझलेला गाळ विहीर, ओढा, जनावरांचा हौद आणि झाडाचं आळं सोडून खड्ड्यात पुरा. पिकात नको, बोर्डोत नको, गोठा सारवायला नको.

६. डोळ्यात गेलं तर जिथं आहात तिथं पाणी. कण दिसत असेल तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं काढा, पण त्यासाठी पाणी थांबवू नका. किमान अर्धा तास धुवा, मग डोळ्याचा डॉक्टर. तूप, मध, गुलाबपाणी, लिंबू काही नाही.

७. बार उडाला नाही तर पाइपात डोकवायचं नाही. कधीच नाही.

आता चौघांच्या प्रश्नाकडं येतो. मी सांगितलं, यंदा माझी वर्गणी डब्याला नाही, झटका मशीनला आहे. खरं बोलायचं तर डुकरं चार-पाच रात्रींत आवाजाला सरावली होती. शेवटी शेवटी आम्ही बार काढायचो आणि ती पलीकडच्या तासात निवांत खात असायची. आमचे नाना माळ्यावर बसून गोफण मारायचे, त्यांच्या हाताला फक्त घट्टे पडले. पण रात्र रात्र माळ्यावर बसायला आता घरात माणूस नाही, हेही खरं आहे. त्यामुळं कुणाला शहाणपण शिकवायचा माझा हेतू नाही. दोघांना माझं पटलं, दोघं म्हणाले बघू. जे बघू म्हणाले त्यांच्या घरी मी हे सात मुद्दे कागदावर लिहून दिलेत आणि एक चष्मा दिलाय.

झटका मशीनबद्दल एक विचारायचंय. तारेखालचं गवत वाढलं की करंट जमिनीत उतरतो म्हणतात. मक्याच्या बांधाला खालची तार किती उंचीवर ठेवता आणि गवत कशानं काढता? ज्यांचा एक-दोन हंगामाचा अनुभव आहे, त्यांनी जरूर सांगा. पुढच्या आठवड्यात खांब रोवायचे आहेत.