रुमाल

डिस्क ९१ टक्के भरल्याचा मेसेज पहाटे पावणेचारला आला. आमच्याकडे रोज रात्री जुन्या नोंदी काढून टाकणारं एक काम चालतं. त्याचा लॉग उघडला. सलग १९ रात्री एकच ओळ: 'दुसरी प्रत चालू आहे, थांबतो.' आणि पुढे यशस्वी म्हणून हिरवी खूण.

दुसरी प्रत कुठेच चालू नव्हती.

पोस्टग्रेसमधला ॲडव्हायजरी लॉक म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. तो कोणाला बसण्यापासून अडवत नाही. सगळ्यांनी त्याचा मान ठेवायचा, एवढंच. काम झालं की उचलायचा. आमच्या कोडमध्ये एक अट होती: हिशेबतपासणी चालू असेल तर काही न काढता परत फिरा. त्या वाटेवर रुमाल उचलायची ओळच नव्हती. कनेक्शन बंद करायची ओळही तिच्याच खाली, म्हणजे तीही राहिली. पूर्वी हे काम क्रॉनवर होतं; प्रोसेस संपली की कनेक्शन तुटायचं आणि लॉक आपोआप सुटायचा. नंतर मीच ते कायम चालू राहणाऱ्या सर्व्हिसमध्ये हलवलं. पीजी_लॉक्समध्ये पाहिलं तर १९ दिवसांपूर्वीचं ते कनेक्शन निवांत बसलेलं. रोलबॅकनेही हा लॉक सुटत नाही.

ट्रान्झॅक्शनबरोबर सुटणारा लॉकही मिळतो. पण आमच्या कामाच्या शेवटी व्हॅक्यूम होता, आणि तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. तेव्हा सोडण्याची ओळ 'फायनली'मध्ये नेली. लागोपाठ दोन रात्री 'थांबतो' आलं तर बोंब मारायची, हेही घातलं. एकूण सहा ओळी.

खरी अडचण वेगळीच होती. डिस्क वाढतेय म्हणून पंधरवड्यापूर्वी मी टीममधल्या नव्या मुलीला सगळ्यांसमोर झापलं होतं. तिच्या रिपोर्टांची टेबलं फुगली असणार, हे न बघताच ठरवून टाकलेलं. बिचारीने दोन रविवार घालवून ती आटोपशीर केली.

सकाळच्या मीटिंगमध्ये, पुन्हा सगळ्यांसमोरच, सांगितलं की चूक माझी होती. ती काही बोलली नाही. लॅपटॉपकडे बघत होती.

"पण सर, डिस्क अजून ९१च दाखवतेय."

साधा व्हॅक्यूम मोकळी झालेली जागा सहसा त्या टेबलासाठीच राखून ठेवतो, ऑपरेटिंग सिस्टीमला परत देत नाही. हे मी तिला समजावायला लागलो, तर म्हणाली, "माहितीये. माझे दोन रविवार त्यातच गेले."