पावणेसात ते सात

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने काय पाहून यावे, याचे काही अलिखित नियम आहेत. ऑस्ट्रेलियाहून परतणाऱ्याने सिडनीचे ऑपेरा हाऊस पाहिलेले असावे, कांगारूशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतलेले असावे आणि मेलबर्नच्या लहरी हवेबद्दल चार शब्द बोलता यावेत. हे सारे मी यथासांग पार पाडले. परंतु "काय काय पाहिलंत?" असे कोणी विचारले, की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्याने येतो तो बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणि त्यात घडी घालून ठेवलेली वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणे. कात्रणे कसली म्हणाल, तर टेलिव्हिजनच्या कार्यक्रमपत्रिकांची!

माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनावर सँडरिंगहॅमची गाडी पकडायची आणि रिपनलीच्या पुढच्या एल्स्टर्नविक स्टेशनावर उतरायचे. टुमदार घरे, पुढे गुलाबाची झाडे, मागे एखादे लिंबाचे झाड आणि दोन घरांच्या मध्ये लाकडी कुंपण. बहिणीच्या घरात माणसे चार आणि पडदे सहा. जेवण झाले, की जो तो कानांत बोंडे घालून आपापल्या कोपऱ्यात आपापल्या पडद्यासमोर बसे. कोणी हसले, तर कशाला हसले हे बाकीच्या तिघांना कळत नसे. पाहुणा मी, मी कुंपणाकडे वळलो.

कुंपणापलीकडे एक आजोबा एकटेच राहत. वय वर्षे त्र्याऐंशी. तिकडे लहानथोर सारे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. त्यांनीही मला तसा आग्रह केला, पण माझी जीभ काही केल्या रेटेना. मी त्यांना 'सर' म्हणे, ते मला 'प्रोफेसर' म्हणत आणि मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणत असे.

एकदा त्यांनी दिलेल्या लिंबांचे भांडे परत करायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. गप्पा रंगल्या. मध्येच त्यांनी घड्याळाकडे पाहिले, "पावणेसात," असे पुटपुटले आणि ते खुर्ची सरकवून टेलिव्हिजनसमोर बसले. मौज अशी, की तो बंद होता! पंधरा मिनिटे ते बंद पडद्यासमोर स्वस्थ बसून राहिले. सातच्या ठोक्याला त्यांनी बटण दाबले आणि एबीसीच्या बातम्या सुरू झाल्या. या विधीचा अर्थ विचारण्याचे धाडस मला त्या दिवशी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन डबा काढला.

"आमच्याकडे हे यंत्र आलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो," ते म्हणाले. सिडनीत 16 सप्टेंबर 1956 रोजी टीसीएन-9 हे केंद्र सुरू झाले, मेलबर्नमध्ये 4 नोव्हेंबरला एचएसव्ही-7. त्याच महिन्याच्या 22 तारखेला मेलबर्नचे ऑलिंपिक सामने होते. घरोघरी टेलिव्हिजन कुठला? लोक दुकानांच्या काचांसमोर गर्दी करून, टाचा उंचावून शर्यती पाहत; त्या गर्दीत आजोबाही होते. सिडनीच्या त्या पहिल्या संध्याकाळचे, निवेदक ब्रूस गिंजेल प्रेक्षकांचे स्वागत करतो असे जे चित्रण पुढे वारंवार दाखवले गेले, ते म्हणे मागाहून पुन्हा करून घेतलेले आहे. मूळचे कोणी जपलेच नाही. या यंत्राने पहिल्या दिवसापासूनच विसरायला सुरुवात केली, असे म्हणायला हरकत नाही.

एकेक कात्रण उलगडू लागले. सुरुवातीच्या पत्रिकेत तीन रकाने : 2, 7 आणि 9. दोन म्हणजे सरकारी एबीसी, बाकीचे दोन खाजगी. 1 ऑगस्ट 1964 पासून चौथा रकाना आला, तो चक्क शून्य क्रमांकाच्या वाहिनीचा. शून्य आम्ही जगाला दिले हे मी साभिमान सांगितले. आजोबा म्हणाले, "मग त्यावर लागणाऱ्या कार्यक्रमांचा दोषही तुमचाच!"

रिचमंडमधल्या ज्या इमारतीतून नऊ क्रमांकाची वाहिनी चाले, तिथे पूर्वी पियानोचा कारखाना होता आणि मग डबाबंद खाद्यपदार्थांचा. ग्रॅहम केनेडी नावाचा पोरसवदा विनोदवीर 1957 पासून तिथून रात्री शहराला हसवीत असे. घरात टेलिव्हिजन ठेवायचा, तर सरकारला सालीना पाच पौंड परवाना फी द्यावी लागे. ती 1974 मध्ये रद्द झाली. आणि प्रत्येक शहराची पत्रिका निराळी! सिडनी, कॅनबेरा आणि मेलबर्न जोडणारी केबल आली 1962 मध्ये. पश्चिमेचे पर्थ पूर्वेशी जोडले गेले 1970 मध्ये. तोवर फिती विमानाने जात. रात्र सरली, की कोणी धर्मोपदेशक दोन बोधाचे शब्द सांगे, 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजे आणि दुकान बंद. देशच्या देश दिवा मालवून झोपी जाई.

छपाईपेक्षा माझे लक्ष मात्र समासाकडे गेले. काही कार्यक्रमांवर निळ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, काहींवर लाल.

"लाल माझ्या, निळ्या तिच्या," आजोबा म्हणाले. त्यांचे लग्न 1966 चे. टेलिव्हिजन एक आणि आवडी दोन. म्हणून आठवड्याची पत्रिका आली, की रविवारी दोघे समोरासमोर बसून तह करीत. मंगळवारी लाल खूण : एचएसव्ही-7 वरची 'होमिसाइड' ही 1964 मध्ये सुरू झालेली पोलिसी मालिका. निळी खूण सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी पावणेसात : 'बेलबर्ड'.

बेलबर्ड हे एका काल्पनिक खेडेवजा गावाचे नाव. ऑगस्ट 1967 पासून एबीसीवर सातच्या बातम्यांआधी पंधरा मिनिटे या गावची कथा चाले. गावकऱ्यांच्या भानगडी ऐकायला बसलेला प्रेक्षक पुढे बातम्यांनाही बसून राहील, असा त्यामागे हिशेब. आजींचे माहेर विमेरातले, म्हणजे व्हिक्टोरियाच्या गव्हाच्या मुलखातले. वडिलांची शेती. 1968 मध्ये मालिकेतला चार्ली कझन्स गव्हाच्या कोठारावरून पडून मेला, तेव्हा सारा देश हळहळला. आजी त्या रात्री जेवल्या नाहीत. "नट दुसऱ्या कामाला गेला, म्हणून त्याला मारलं, हे मी तिला शंभरदा सांगितलं," आजोबा म्हणाले. "ती म्हणाली, नट गेला असेल, चार्ली तर पडलाच ना!"

आणि हे बेलबर्ड होते कुठे? त्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! गॉर्डन स्ट्रीटवर, रिपनलीच्या जुन्या हवेलीच्या आवारातून काढून घेतलेल्या जमिनीवर एबीसीचे चित्रणगृह उभे होते. आम्ही दोघे रमतगमत तिकडे जाऊन आलो. 2017 मध्ये एबीसीने तिथला मुक्काम हलवला. बेलबर्डचे दीड हजारांहून अधिक भाग झाले, 1977 मध्ये मालिका संपली. त्या काळी फिती महाग; जुन्यावर नवे चित्रित करीत. बेलबर्डचे बहुतेक भाग असेच पुसले गेले.

परतताना आजोबांनी उरलेले सांगितले. अखेरच्या तीन वर्षांत आजींची स्मृती गेली. त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. आधी नातवंडांची नावे गेली, मग मुलांची, मग यांचे. आजोबा रोज संध्याकाळी हा डबा घेऊन जात आणि कात्रण वाचून दाखवीत. "सोमवार. पावणेसात," ते म्हणत. आजी लगेच म्हणत, "बेलबर्ड." "सात?" "बातम्या." आणि मग दर वेळी एक वाक्य : "चहा टाक, आता सुरू होईल."

"मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं," आजोबा म्हणाले. "पण पावणेसातला चहा करणारा कोणीतरी घरात आहे, एवढं ठाऊक होतं. मला तेवढं पुरे होतं."

मी काहीच बोललो नाही. मला आमचे 1987 सालचे रविवार आठवले. 'रामायण' लागायच्या आधी आई सगळ्यांच्या आंघोळी उरकायला लावी, शेजारची मंडळी सतरंजीवर जागा धरीत आणि एरवी कधीच वेळेवर न येणारे वडील साडेनवाला हजर असत. मालिकेतले प्रसंग आता नीट सांगता येणार नाहीत. सतरंजीवर कोण कुठे बसे, ते मात्र सांगता येईल.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी भाचीला आजोबांकडे घेऊन गेलो. वय वर्षे बारा. मोठ्या नाखुशीने आली. आजोबांनी तिला 21 जुलै 1969 चे पान दाखवले. तो सोमवार होता आणि माणसाचे पाऊल चंद्रावर पडले तेव्हा मेलबर्नमध्ये दुपारचे एक वाजायला चार मिनिटे कमी होती. खुणांच्या रंगांची हकिगत ऐकून ती म्हणाली, "पण तेव्हाच का बघायचं? नंतर बघता येत नव्हतं?"

"नंतर नव्हतंच," आजोबा म्हणाले. "म्हणून तर सगळे घरी असायचे."

तिने यावर थोडा विचार केला. घड्याळात पावणेसात होत आले होते. आजोबा खुर्चीकडे वळले, तशी ती उठली. मला वाटले, कंटाळून निघाली, पण तिने विचारले, "चहाची किटली कुठे आहे?"

पुण्याला परत आल्यावर महिन्याभराने बहिणीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती म्हणाली, "दादा, तू हिला काय शिकवून गेलास रे? दर सोमवारी संध्याकाळी शेजारी जाऊन बसते. आणि फोन घरी ठेवून जाते!"

मी म्हटले, "शिकवायचं काय त्यात? सोमवारी पावणेसातला बेलबर्ड असतं."

"काय असतं?"

"एकदा तूही जाऊन बघ," मी म्हणालो. "पण वेळेवर जा."